नव्वद सेकंद थांब

ताम्पेरे, ११ जानेवारी

इल्पो,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज पाठवले तर ते वाचल्याची खूण येते आणि पुढे काहीच येत नाही. म्हणून शेवटी कागद काढला. पत्ता तुझ्या वडिलांच्या घरचा, पुमालाचा टाकते आहे; तिथेच जाऊन बसला असशील. तुमच्याकडे टपाल आठवड्यातून तीनदाच येतं म्हणे, तेव्हा पोचायला वेळ लागेल. लागू दे.

आधीच सांगते, हे पत्र कामाचं आहे, रुसवेफुगवे काढायला मी बसलेले नाही. अकरा वर्षं शेजारच्या टेबलावर बसलेला माणूस एका सोमवारी राजीनामा ठेवतो, दुपारच्या कॉफीलाही थांबत नाही आणि जिना उतरताना मला फक्त ‘हं’ म्हणतो, याचा मला मुळीच राग आलेला नाही. मला फक्त काही कळलेलं नाही.

परवा माझ्या बहिणीनं, हेल्कानं विचारलं, “तुमचं बिनसलं तरी कशावरून?”

“नावांवरून.”

“कुणाच्या?”

“चाचण्यांमधल्या पायऱ्यांच्या.”

मग तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. सौनाच्या गरम खोलीतली विजेची शेगडी फोनवरून तापवायचा जो डबा असतो, तो आम्ही बनवतो. त्याचं सॉफ्टवेअर बदललं की आमच्या चाचण्या आपोआप चालतात. त्या चाचण्या साध्या बोलीत लिहिलेल्या असतात, कुणालाही वाचता येतील अशा: ‘शेगडी चालू कर’, ‘दार उघड’, ‘शेगडी थंड आहे ना बघ’. यातली एकेक पायरी म्हणजे एक कीवर्ड, आणि त्याच्या पोटात यंत्रासाठी बारीकसारीक सूचना. हेल्का म्हणाली, “बरं, मग?” म्हटलं, “मग इल्पोच्या कीवर्डांची नावं फार लांब होती.” ती म्हणाली, “एवढ्यावरून कुणी नोकरी सोडतं का गं?” हेच मी तुला विचारते आहे.

मला जे आठवतं ते असं. सप्टेंबरात तानेली आपला टीमप्रमुख म्हणून आला आणि येताना लिंटर नावाचा प्रोग्रॅम घेऊन आला. आपण त्याला पहिल्याच दिवशी तपासनीस नाव ठेवलं, कारण तो प्रोग्रॅम चाचण्या चालवत नाही, नुसत्या वाचतो आणि तक्रारी करतो. पहिल्या दिवशी त्यानं सहा हजार तीनशे बारा तक्रारी काढल्या. तानेलीनं त्या नावनिशीवार स्वयंपाकघराशेजारच्या मोठ्या पडद्यावर लावल्या. चार हजारांच्या वर तुझ्या नावावर होत्या. मग तो एकेक मोठ्यानं वाचायला लागला. ‘बाई गाडीतून उतरायच्या आत शेगडी तापलेली असू दे.’ ‘पोरांनी बटणाशी खेळ केला तरी ढिम्म राहा.’

“हा कीवर्ड आहे की कादंबरी?” तो म्हणाला. सगळे हसले. मीही हसले, कबूल. तू म्हणालास, “वाचणाऱ्याला कळतं,” आणि कप विसळायला गेलास.

सगळं एकसारखं करायचं काम माझ्याकडे आलं. नाव क्रियापदानं सुरू, चाळीस अक्षरांच्या आत. घड्याळ लावून नुसतं थांबायचं नाही. दोन पायऱ्यांचं पोट सारखं असेल तर त्यांची एक करायची. तीन आठवडे मी दुसरं काही केलं नाही. मग एका मंगळवारी सगळे बदल सर्वांपुढे ठेवले. आपला नियम तुला ठाऊक आहे, तो आपण दोघांनीच केला: कामाचे दोन दिवस कुणी काही बोललं नाही तर संमती आहे असं समजायचं. नाहीतर या देशात ‘ठीक आहे’ एवढं लिहायलाही माणसं पंधरवडा घेतात. दोन दिवस तू काही बोलला नाहीस. गुरुवारी सकाळी मी बदल पक्के केले. सोमवारी तू गेलास.

पटलं नव्हतं, तर तोंड नव्हतं का तुला?

असो. कामाचं हे. तुझा एक कीवर्ड होता: ‘वर कुणीतरी कपडे वाळत घातलेत असं धरून चाल आणि नव्वद सेकंद थांब’. त्याच्या पोटात शेगडीची वेळ लावलेली असताना दार उघडून लावायचं (मध्ये दार उघडलं गेलं तर ती पेटता कामा नये), वीज घालवायची, वीज परत आणायची, नव्वद सेकंद थांबायचं आणि शेगडी थंडच आहे ना ते बघायचं. नुसतं थांबलेलं तपासनीसाला चालत नाही. कशाची वाट बघतोस ते सांग, म्हणतो. म्हणून मी तिथे ‘हिरवा दिवा लागेपर्यंत थांब’ असं घातलं. डबा जागा झाल्याचा तो दिवा विसाव्या सेकंदाला लागतो. मग त्याचं पोट ‘वीज गेल्यावर दार तपास’च्या पोटासारखंच झालं, म्हणून दोन्हींचा एक केला. सगळ्या चाचण्या पास आहेत. चौदा फेब्रुवारीला नवं सॉफ्टवेअर अकराशे घरांत जाणार आहे.

तरी मला चैन नाही. नव्वदच का? साठ का नाही? एका ओळीत कळव, बाकी काही लिहू नकोस.

राइसा


ताम्पेरे, २५ जानेवारी

इल्पो,

ओळ आली नाही.

तळघरातल्या चाचणीच्या सौनात मी स्वतः जाऊन बघितलं. फोनवरून शेगडीची वेळ लावली, दार उघडलं, लावलं, मुख्य बटण पाडलं, परत चढवलं. हिरवा दिवा लागला, शेगडी थंडगार. सहा वेळा केलं. वर आले तर तानेली म्हणाला, “अगं, पास झालेली चाचणी हातानं कोण करतं?”

“इल्पो नव्वद सेकंद थांबायचा.”

“इल्पो होय! तेवढ्यात कॉफी ओतून घेत असेल.”

पुन्हा सगळे हसले. या खेपेला मला हसू आलं नाही, आणि का आलं नाही तेही कळलं नाही. हल्ली माझं असंच चाललंय. सगळं जागच्या जागी आहे, पडद्यावर माझ्या नावापुढे शून्य आहे, आणि मी खिशात किल्ली चाचपत फिरणाऱ्यासारखी दिवसभर काहीतरी शोधते.

मागच्या पत्रात एक-दोन गोष्टी नीट लिहिल्या नव्हत्या. तू दोन दिवस गप्प होतास असं म्हटलं, त्यातला बुधवार तू रजेवर होतास. वडिलांना मिक्केलीच्या इस्पितळात न्यायचं होतं, असं कॅलेंडरवर होतं. पण मंगळवार होता की नाही? एक दिवस काही कमी नाही.

दुसरं, त्या चार हजारांतल्या सगळ्या तक्रारी तुझ्या नव्हत्या. आपण दोघं तुझ्या यंत्रावर बसून लिहायचो, म्हणून नाव तुझं पडायचं. ‘पोरांनी बटणाशी खेळ केला तरी ढिम्म राहा’ हे तर चक्क माझं. तानेली ते वाचत होता तेव्हा मी माझ्या पावाकडे बघत होते. तू माझ्याकडे बघितलंस की नाही, मला माहीत नाही.

आणि ती खूण. नव्वद सेकंदांच्या कीवर्डावर तू एक ओळ घातली होतीस, तपासनीस इथून नजर फिरवून पुढे जाईल अशी. सगळ्यांच्या मिळून अशा एक्केचाळीस खुणा होत्या. चाळीस जणू आळसानंच घातलेल्या, आणि तुझी फक्त ती एक. अपवाद नकोत असं तानेलीचं म्हणणं होतं. मी एक्केचाळीसच्या एक्केचाळीस एका झटक्यात खोडल्या. तेव्हा त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

एक ओळ, इल्पो. तीन आठवडे उरलेत.

राइसा


ताम्पेरे, ४ फेब्रुवारी

इल्पो,

काल मी तुमच्या घरी येऊन गेले हे तुला माहीत आहे, कारण तू मला बघितलंस. गोठलेल्या तळ्यावर, काठापासून दोनशे मीटरवर, बर्फात भोक पाडून मासे धरत बसला होतास. मी हात केला. तू मान वळवलीस, बघितलंस आणि परत भोकात बघायला लागलास. चार तास गाडी चालवून आले होते मी. माझ्या तोंडून जे शब्द बाहेर पडले ते बरं झालं तुझ्यापर्यंत पोचले नाहीत.

मग मी घरात गेले. तुझे वडील दार उघडून उभेच होते.

“कोण गं तू?”

“राइसा. ताम्पेरेहून आले. इल्पोबरोबर काम करायचे.”

“अच्छा, ती बडबडी.”

“असं तो म्हणतो?”

“तो कशाला काय म्हणतोय! पण तो कामावरून आला आणि ‘राइसा’ म्हणाला की मग दहा मिनिटं बोलायचा. एरवी दहा दिवसांत तेवढं नाही. म्हटलं, ही बडबड तिकडूनच येत असणार.”

मला एकदम रडू आलं, तुला खरं सांगते. ते बघून ते घाईघाईनं कॉफी ओतायला लागले, तीही डाव्या हातानं. उजव्या हाताची कातडी गुलाबी, ताणलेली, बोटं पुरती मिटत नव्हती. मी विचारलं.

“मी सांगितलं म्हणून त्याला सांगू नकोस हं, पोरी.”

“नाही सांगत, ताउनो.” (हे बघ, सांगितलंच.)

“माझ्या लोकरी विजारी होत्या. दोन. शेगडीवर दोरी बांधून वाळत टाकल्या होत्या. चाळीस वर्षं टाकतोय, सगळेच टाकतात. त्यानं तो तुमचा डबा नवानवा आणून बसवला होता, वापरून बघायला म्हणून. शुक्रवारी तिकडून निघताना फोनवरून शेगडीची वेळ लावायचा. मला म्हणाला होता, आबा, तुम्ही मध्ये दार उघडलंत तर ती पेटणार नाही, डब्याला कळतं.”

“मग?”

“मग काय, तारांवर बर्फ बसलं आणि वीज गेली. आली परत. मी दाराच्या काचेतून डोकावलो, शेगडी बंदच. म्हटलं चला, आणि इथे येऊन शब्दकोडं घेऊन बसलो. थोड्या वेळानं वास आला.” त्यांनी हात टेबलाखाली घेतला. “विजारी काय, नव्या मिळाल्या असत्या. पण मीच मूर्ख, हातानं ओढायला गेलो.”

दोन हिवाळ्यांपूर्वी. मला आठवतो तो सोमवार. तू आलास, डब्याच्या सॉफ्टवेअरवाल्यांशी दार लावून बोललास, त्यांनी दुरुस्ती केली आणि दुपारी तू एकट्यानं बसून तो कीवर्ड लिहिलास. मी म्हटलं होतं, “नाव जरा लांब नाही झालं?” तू म्हणालास, “होऊ दे.” कुणाचे कपडे, कुणाचं घर, एक अक्षर बोलला नाहीस. मीही विचारलं नाही. सांगायचं असेल तर सांगेल, असं आपण इथे म्हणतो आणि स्वतःला फार समंजस समजतो.

आज रविवार. काल रात्री परतले आणि आज उठून थेट ऑफिसात आले, तळघरात. तेच सगळं केलं, पण हिरवा दिवा लागल्यावर निघाले नाही. घड्याळ हातात धरून बसले. चौऱ्याऐंशीव्या सेकंदाला शेगडीत टक् झालं आणि ती तापायला लागली. मी हात वर धरून बघितलं. डबा जागा झाल्यावर मिनिटभरानं नेटवरून राहिलेले हुकूम आणतो, त्यात ‘तापव’ असतं, आणि दार मध्ये उघडलं होतं हे तोवर तो विसरलेला असतो. तुझ्या वडिलांच्या घरी झालं होतं तेच. नव्या सॉफ्टवेअरमध्ये जागं होण्याचा भाग पुन्हा पहिल्यापासून लिहिलाय आणि ती चूक परत आली आहे. तुझ्या कीवर्डानं ती पहिल्याच दिवशी पकडली असती. मी त्याला वीस सेकंदांत उठून जायला शिकवलं.

आता जे लिहायचं आहे ते तळघराच्या बाकावर बसूनच लिहिते, घरी गेले तर लिहिणार नाही. मंगळवारीही तू रजेवर होतास. दोन्ही दिवस. मी सोमवारी कॅलेंडर बघितलं होतं आणि म्हणूनच मंगळवार निवडला. तू असतास तर काही बोलला नसतास, फक्त खुर्ची माझ्या टेबलाशी ओढून बसला असतास, आणि मग माझ्या हातून ती खूण खोडली गेली नसती. मला भीती तुझ्या ‘नाही’ची होती असंही नाही. मला त्या पडद्यावर शून्य हवं होतं. अकरा वर्षं मी तुझ्या बोलण्याचा अर्थ लोकांना सांगत आले, तुझ्याबरोबर माझंही हसं होत होतं, आणि त्या वेळी मला तुझ्या बाजूला बसायचं नव्हतं. लाज वाटते मला.

आणि तू गप्प नव्हतास. ती एक ओळ तुझं बोलणंच होतं. मला वाचता येत होतं.

राइसा


ताम्पेरे, १६ फेब्रुवारी

इल्पो,

सॉफ्टवेअर गेलं नाही. कुणाच्याही घरी नाही. हे आधी सांगते, कारण तू हेच शोधत असशील.

सोमवारच्या बैठकीत मी सगळ्यांना तळघरात नेलं आणि चौऱ्याऐंशी सेकंद उभं केलं. टक् झाल्यावर तानेलीचा चेहरा उतरला. तो वाईट माणूस नाही, हे तुला पटायचं नाही, पण नाही.

“आणि हे इल्पोला माहीत होतं?” त्यानं विचारलं.

“होतं.”

“मग तो बोलला का नाही?”

“बोलला होता. मी खोडलं.”

मग त्या सगळ्यांसमोर मी मंगळवारचं सांगितलं, कॅलेंडरचं सांगितलं, बटणाशी खेळणाऱ्या पोरांचं नाव माझं होतं तेही सांगितलं. ते शेवटचं ऐकून का कोण जाणे, पण सगळ्यात जास्त लोक त्याच्यामुळे अवघडले. तानेलीनं शेगडी बंद केली. मग म्हणाला, “तो पडदा काढून टाकतो मी.” आणि काढला. आता तिथे जेवणाचा तक्ता आहे.

तपासनीस ठेवलाय. ठेवायलाच हवा, बाकीच्या सहा हजार तक्रारींत त्याचं खरं होतं, आणि नव्यानं आलेल्यांना आता चाचण्या भराभर वाचता येतात, हे तुलाही मान्य करावं लागेल. पण खूण घालायची मुभा आहे, फक्त कारण लिहून. नव्वद सेकंद परत आणले आणि खुणेपाशी मी लिहिलं, ‘दोन हिवाळ्यांपूर्वी एका घरात असं झालं होतं, एका माणसाचा हात भाजला’. घर कुणाचं ते लिहिलं नाही. ते तुझं आहे.

दोन दिवसांचा नियमही मोडला. आता कुणीतरी ‘हो’ म्हटल्याशिवाय काही पक्कं होत नाही. परिणाम असा की सोमवारपासून नऊ कामं अडकून पडली आहेत. काल कॉफीला मी ओरडले, “अरे, ‘हो’ तरी म्हणा, नाहीतर ‘नाही’ तरी म्हणा!” तर सगळे माझ्या बनमधल्या क्रीमकडे बघायला लागले.

मला वाटलं होतं हे सगळं झालं की मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. चूक सापडली, दुरुस्तीही होते आहे, आणि मी शेजारच्या रिकाम्या टेबलाकडे बघून अजून अर्धी वाक्यं बोलते. तुझ्या जागी कुणी येऊ नये असंही वाटतं आणि रिकामी जागा बघवतही नाही. तू रागावला आहेस की दुखावला आहेस की नुसता मासे धरतो आहेस, मला कळत नाही. अकरा वर्षांत हेही कळू नये? मला तुझी आठवण येते. एवढं सरळ लिहायला मला चार पत्रं लागली.

राइसा


ताम्पेरे, २४ मार्च

इल्पो,

तुझ्याकडून काही नाही. पण काल एक कार्ड आलं, डाव्या हाताच्या अक्षरातलं. तुला दाखवलं नसणार, म्हणून जसंच्या तसं उतरवते:

‘तो पत्रं वाचतो. दोन-दोनदा. मग खिशात घालून बर्फावर जातो. काठाचं बर्फ काळं पडायला लागलंय, सांगितलं तरी ऐकत नाही. तूच ये आणि बडबड कर. ताउनो.’

हे वाचून मला आधी हसू आलं, आणि मग मी कार्ड परत पहिल्यापासून वाचलं. काळं बर्फ म्हणजे पातळ होत आलेलं, माणसाचं वजन न पेलणारं, एवढं मलाही कळतं.

येत्या शनिवारी मी येते आहे. अकराच्या सुमारास पोचेन. तू घरात असलास तर प्रश्नच नाही. तू बर्फावर असलास तर या खेपेला मी घरात कॉफी प्यायला जाणार नाही, तिथवर चालत येणार आहे. पण ते बर्फ मला ओळखीचं नाही. कुठे धरतं आणि कुठे नाही हे त्या तळ्यावर तुलाच ठाऊक. म्हणून मी काठावर उभी राहीन आणि ओरडून विचारीन, “येऊ का?”

तू काही बोलला नाहीस तर ते ‘ये’ आहे असं मी धरणार नाही. ‘जा’ आहे असंही धरणार नाही. दोन दिवस मोजणार नाही, कॅलेंडर बघणार नाही. तू तोंडानं सांगेपर्यंत मी तिथेच उभी असेन, आणि वडील खिडकीतून बघत असतील.

राइसा